तिसऱ्या रांगेतला हसणारा मुलगा

कुणाला सांगायला जावं तर वेड्यात काढतील, पण हे घडलेलं आहे. नजर तपासण्यात ज्याचा हात धरणारं त्या भागात कुणी नव्हतं, त्या चष्मेवाल्यानं आपल्या लग्नाच्या बायकोला मुद्दाम चुकीच्या नंबरचा चष्मा करून दिला. भांडण नव्हतं, सूड नव्हता, काचाही हलक्या नव्हत्या. इतकी वर्षं ती आपल्याकडे जशी बघत आली तशीच पुढंही बघत राहावी, एवढाच त्याचा हेतू होता. आणि तशी बघत राहावी म्हणून तिला नीट दिसू नये, असा त्याचा हिशेब होता. हिशेब वरून उलटा वाटेल. पण त्याच्या धंद्यात आधी सगळं उलटंच असतं. डोळ्याच्या आत जगाचं चित्र उलटं पडतं, ते सुलटं करून घ्यायचं काम मेंदूकडे असतं, आणि मेंदू हा किती बेभरवशाचा नोकर आहे, मालकाला आवडेल तेच कसं पुढं करतो, हे चष्मेवाल्याइतकं जवळून कुणी पाहिलेलं नव्हतं.

सुरुवात झाली जावयाच्या फोननं. दुकानात त्या वेळी एक निवृत्त मास्तर खुर्चीत बसले होते, नाकावर तपासणीची ती जडशीळ गोल सांगाड्यांची फ्रेम, आणि चष्मेवाला एकेक काच बदलत नेहमीच्या सुरात विचारत होता, "हे बरं, की हे बरं?"

"बाबा, बसलाय ना?" जावई म्हणाला.

"मी उभा आहे. गिऱ्हाईक बसलंय."

"मग कशाला तरी टेका. आपला सिनेमा आलाय. मूळ रिळांवरून नव्यानं काढलाय, एकेक चित्र धुऊन पुसून. हाय डेफिनिशन. हेडमास्तरांच्या कोटावरचा कोंडासुद्धा दिसतो म्हणतात."

"कोंडा?"

"कोंडा. आणि तिसऱ्या रांगेत तुम्ही. रविवारी दुपारी डिस्क घेऊन येतो. आईंना सांगू नका हं, त्यांना सरप्राइज."

चष्मेवाल्यानं फोन खिशात टाकला, हाताला लागली ती काच उचलली आणि मास्तरांच्या डोळ्यांपुढे सरकवली. मास्तर म्हणाले, "आता तर काहीच दिसत नाही." चष्मेवाला म्हणाला, "हे बरं."

तो सिनेमा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायला हवं. शाळेची परीक्षा पुढं ढकलली जावी म्हणून चार कार्टी आपला एक वर्गबंधू मेल्याची आवई उठवतात. तो वर्गबंधू म्हणजे कुणाच्या खिजगणतीत नसलेला पोरगा. पण मेल्यावर त्याचा भाव असा काही वधारतो की विचारू नका. ज्यांनी कधी त्याच्या शेजारी बसायला होकार दिला नाही ते म्हणतात, आमचा जीव की प्राण होता. ज्या मुलीला त्याचं नाव ठाऊक नव्हतं ती अन्नपाणी सोडते. आणि तो बिचारा माळ्यावर लपून हे सगळं ऐकतो आणि अखेर ठरवतो की आपल्याला काही परत जिवंत व्हायचं नाही. सिनेमा थिएटरात दणकून आपटला. लहान मुलांच्या मरणावर विनोद करतात म्हणून वर्तमानपत्रांनी झोडपला. मग काही वर्षांनी तो व्हिडिओ कॅसेटवर फिरू लागला, आणि वसतिगृहातल्या, गच्चीवरच्या, आईबाप बाहेरगावी गेलेल्या घरांतल्या पोरांनी त्याला डोक्यावर घेतलं. त्यातली वाक्यं लोक जांभई द्यावी तशी सहज बोलू लागले. आणि सगळ्यांत गाजला तो शोकसभेचा प्रसंग: हेडमास्तर हुंदके देत भाषण करतायत, समोर अख्खी शाळा माना खाली घालून बसलीय, आणि मागे, तिसऱ्या रांगेत, एक मुलगा हसतोय. खदाखदा. कथेत त्याचं काही काम नाही, श्रेयनामावलीत त्याचं नाव नाही. तो फक्त हसतो. त्या हसण्याचं चित्र लोकांनी शर्टांवर छापून घेतलं. तो कोण, हे मात्र कुणालाच कधी कळलं नाही, कारण कॅसेटची कॅसेट, तिची कॅसेट असं होत होत त्या पोराचा चेहरा मळलेल्या कणकेच्या गोळ्यासारखा झाला होता. वरच्या बाजूला दोन काळे ठिपके, खाली एक पांढरी फाक. त्या गोळ्यात कुणालाही आपले नाकडोळे बसवता आले असते. एकानं बसवले.

तेव्हा चष्मेवाला अजून चष्मेवाला झाला नव्हता, वडिलांच्या दुकानात काचा पुसायला बसत असे. एक मुलगी दांडी मोडलेला चष्मा घेऊन आली. दांडी बसवेपर्यंत ती समोरच्या बाकावर बसली आणि सोबतच्या मैत्रिणीला तो सिनेमा सांगू लागली. सांगता सांगता तिला इतकं हसू यायला लागलं की बाक हलायला लागलं. "आणि तो मागचा पोरगा गं, तो भेटला ना, तर मी त्याला..." पुढं ती काय करणार होती ते हसण्यात बुडालं. आणि स्क्रू पिळता पिळता त्याचं तोंड आपणहून बोलून गेलं, "तो मी." आजही त्याला आठवतं, हे शब्द त्यानं उच्चारले नव्हते, ते कुणीतरी त्याच्या तोंडात ठेवून गेलं होतं, सुटे पैसे हातात ठेवावेत तसे. शाळा तीच होती, एवढं खरं. चित्रण त्याच्याच शाळेत झालं होतं, तो तेव्हा तिथंच शिकत होता, हेही खरं. मुलीनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तिचा चष्मा त्याच्या हातात होता, म्हणजे तिला तो कणकेचा गोळाच दिसत असणार. त्या गोळ्याकडे पाहून ती अशी काही प्रसन्न हसली की त्यानं बसवलेला स्क्रू काढून पुन्हा बसवला. मग त्यानं चष्मा परत दिला, ती तो घालेपर्यंत श्वास धरून ठेवला. तिनं चष्मा घातला, त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि उठून गेली नाही. त्यावर त्याचा सगळा संसार उभा होता.

खोटं एकदा घरात आलं की त्याला खाऊपिऊ घालावं लागतं. 'का हसलास?' असं तिनंच पुढच्या भेटीत विचारलं. तर हेडमास्तरांची खोटी मिशी एका बाजूनं सुटत होती. पुढं लग्न झालं, नातेवाईक जमले, तेव्हा गोष्टीतल्या दिग्दर्शकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. लेक झाली, तिला झोपवताना दिग्दर्शक म्हणाला, 'पोरा, मी तुला कापणार होतो, पण तुझं हसणं कापायला कात्री धजेना.' पुढं पुढं त्यात दिव्यांची धग आली, पाठीवरून ओघळणारा घाम आला, भाड्याच्या गणवेशाला येणारा डांबरगोळ्यांचा वास आला. आणि गंमत अशी की तो वास त्याला खरोखर येऊ लागला. दहावीचा निकाल लागला तो दिवस त्याला आठवत नव्हता, वडील गेले त्या दिवशी घरात कोण कोण होतं ते आठवत नव्हतं, पण ज्या दिवशी तो त्या सभागृहात नव्हता, त्या दिवसाची इंच न् इंच त्याला आठवत होती: बाकाला कोरलेलं नाव, पुढच्या पोराच्या मानेवरचा फोड, छताच्या पंख्याची घरघर. कधी कधी दुकान बंद करताना शटर अर्ध्यावर ओढून तो थांबे आणि त्याला वाटे, आपण खोटं कुठं बोललो? एवढं सगळं एखाद्याला न जाता आठवेल का?

जावयाच्या फोननंतर मात्र त्याला दुसरं काही सुचेना. कोंडा दिसतो म्हणे. कोंडा दिसतो तर चेहरा का दिसणार नाही? जन्मभर त्यानं लोकांना स्पष्ट दाखवलं होतं, त्याचे पैसे घेतले होते. एका बाईनं नवा चष्मा लावून पहिल्यांदा स्वतःच्या सुरकुत्या पाहिल्या आणि तो परत करायला आली, तेव्हा त्यानं तिला स्पष्ट दिसण्याच्या महत्त्वावर एक छोटं व्याख्यान दिलं होतं. आता त्याला ती बाई आठवली. तिची माफी मागावीशी वाटली. जावयाला काही वाटेल, लेक चिडवेल, त्याची त्याला फिकीर नव्हती. लेक तर जन्मल्यापासून चिडवत आली होती. पण बायको ज्या मुलाच्या हसण्याला भुलली होती, तो मुलगा रविवारी दुपारी तिच्या डोळ्यांदेखत दुसराच निघणार होता. मग ती ज्याच्याबरोबर राहते तो कोण? दुकानातला एक स्क्रू पिळणारा पोरगा. त्याला तिनं कधी पसंत केलंच नव्हतं. त्याच्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नव्हतं.

टीव्हीची वायर कुरतडावी, असं एकदा त्याच्या मनात आलं. आजारी पडावं असं आलं. मग एका संध्याकाळी काच घासायच्या यंत्रापुढे बसलेला असताना त्याचं लक्ष बायकोच्या नंबराच्या काचांकडे गेलं. तिला लांबचं दिसत नसे. उणे चार, दोन्ही डोळ्यांना. चष्म्याशिवाय दाराशी उभा माणूस आहे की टांगलेला कोट, हे तिला सांगता येत नसे. त्यानं काही फार केलं नाही. चारच्या जागी अडीचच्या काचा बसवल्या, वर काचांचा कोनही जरा चुकवला, म्हणजे एकाची दोन दिसावीत. आणि इतकी सुबक काच त्यानं कित्येक वर्षांत घासली नव्हती.

"हे कसले हो?" बायकोनं तो लावून टीव्हीकडे पाहिलं. "बातम्या देणारीला दोन नाकं आहेत."

"नव्या पद्धतीच्या काचा आहेत. डोळ्यांना सवय व्हावी लागते."

"कितपत सवय?"

"होईल. रविवारपर्यंत लाव."

"रविवारपर्यंतच का?"

"नंतरही लाव," चष्मेवाला घाईनं म्हणाला.

"बरं," बायको म्हणाली, आणि दोन नाकांच्या बातम्या मुकाट पाहू लागली. इथं तिच्या नोकरीबद्दल सांगायला हवं. ती कोर्टात लघुलेखिका होती. दिवसभर साक्षीदार बोलत आणि ती उतरवून घेई. खरं बोलणाऱ्याचं आणि खोटं बोलणाऱ्याचं, दोघांचंही सारख्याच वेगानं. कोण खोटं बोलतोय हे सांगणं तिचं काम नव्हतं, आणि जे आपलं काम नाही त्यात ती पडत नसे. घरी आल्यावर तिला फार बोलायला आवडत नसे. नवऱ्याची गोष्ट मात्र ती कितीही वेळा ऐके, हनुवटीखाली हात घेऊन, आणि तो एखादा तपशील विसरला तर हळूच आठवण करून देई: "आणि पंख्याची घरघर राहिली."

रविवार आला. जावयानंच गेल्या वर्षी भेट दिलेला भिंतभर टीव्ही, त्यासमोर सोफा, सोफ्यावर बायको, तिच्या शेजारी लेक, खाली गालिच्यावर जावई, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत चष्मेवाला. जावयानं डिस्क अशी दोन बोटांत धरून आणली होती जसं काही आतला मुलगा सांडेल. बायकोला कव्हर दाखवलं तेव्हा ती इतकंच म्हणाली, "अगंबाई, हा का," आणि पदराला चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. चष्मेवाल्याला त्या चष्म्याची दया आली.

"बाबा, घाम का आलाय तुम्हाला?" लेकीनं विचारलं.

"दिव्यांची धग," चष्मेवाला म्हणाला. खोलीत दिवा नव्हता.

सिनेमा सुरू झाला आणि पहिल्या पाच मिनिटांत त्याला कळलं की स्पष्टपणा ही किती निर्दय गोष्ट आहे. कॅसेटवर जी शाळकरी पोरं होती ती इथं तिशीची घोडी होती. एकाला चक्क टक्कल पडत होतं. माळ्यावरची जळमटं सुतळीची होती. हेडमास्तरांच्या खांद्यावर खरंच कोंडा होता, आणि तो प्रत्येक तुकड्यात कमीजास्त होत होता. जावई हरखून ओरडत होता, लेक त्याला गप्प करत होती. पण मधूनच काहीतरी वेगळंही दिसत होतं. माळ्यावर लपलेला तो मेलेला मुलगा खालचं स्वतःचं कौतुक ऐकतो, तिथं कॅसेटवर नुसताच अंधार असे. सगळे त्या जागी हसत. इथं अंधारात त्याचे डोळे दिसत होते. तो लोकांच्या थापा ऐकत होता आणि त्याला त्या खऱ्या वाटाव्यात अशी भूक त्याच्या तोंडावर होती. चष्मेवाल्याला खुर्चीत अवघडल्यासारखं झालं. इतक्या वेळा पाहिला, आणि हा सिनेमा कशाबद्दल आहे ते आपल्याला आत्ता कळतंय, असं त्याला वाटलं, आणि लगेच वाटलं, नसतं कळलं तर काय बिघडत होतं.

शोकसभा आली. हेडमास्तर हुंदके देऊ लागले. जावयानं रिमोट असा उगारला जणू आता नेम धरून मारणार, आणि बरोबर जागी चित्र थांबवलं.

तिसऱ्या रांगेत एक मुलगा हसत होता. कान दोन्ही बाजूंना उघड्या खिडकीच्या दारांसारखे. वरच्या दातांत फट. हनुवटीवर खळी, तीही खोल. नाक बसकं. चष्मेवाल्याचं नाक पोपटाचं होतं, कान डोक्याला चिकटलेले, आणि खळी त्याच्या घराण्यात कुणाला नव्हती.

जावई खालच्या आवाजात म्हणाला, "बाबा, हे तुम्ही?"

"मेकअप," चष्मेवाला म्हणाला.

"दातांतली फट?"

"मेणानं केलेली."

"मेणानं फट बुजवतात, बाबा," लेक म्हणाली. "पाडत नाहीत."

"तेव्हाचं मेण वेगळं होतं."

"आणि खळी?"

"ती होती मला. पुढं बुजली."

"खळी बुजते?"

"मला मोठा ताप आला होता," चष्मेवाला म्हणाला, आणि हे त्याचं त्यालाच इतकं केविलवाणं वाटलं की त्यानं पटकन बायकोकडे पाहिलं. ती सोफ्यावर शांत बसली होती. तिला तिथून काय दिसत असणार? दोन तोंडांचा एक डाग. त्याच्या जिवात जीव आला. पोरांना सांभाळता येईल, पोरं आपलीच आहेत. "तूच सांग यांना," तो बायकोला म्हणाला, "मी तेव्हा असा दिसत होतो की नाही?"

बायकोनं चष्मा काढला. घडी घालून सोफ्याच्या हातावर ठेवला. मग उठली, जावयाच्या पायांना वळसा घालून टीव्हीपाशी गेली आणि पडद्याला नाक लागेल इतकी जवळ उभी राहिली.

आणि तेव्हा कुठं चष्मेवाल्याला आठवलं. ज्याला लांबचं दिसत नाही त्याला वीतभर अंतरावरचं उघड्या डोळ्यांनी उत्तम दिसतं. सुईत दोरा ओवायला चष्मा काढतात ते म्हणूनच. हे तो दुकानात रोज सांगत होता. चार म्हणजे वीतभर अंतर, हे तो झोपेत बरळला असता. आठवडाभर तो फक्त काचांचा विचार करत बसला आणि काचांच्या मागे डोळे असतात, ते कुठंही चालत जाऊ शकतात, हे साफ विसरला. अशी चूक दुसऱ्या कुणा चष्मेवाल्यानं केली असती तर यानं त्याला आपल्या दुकानात उभं केलं नसतं.

बायको त्या चेहऱ्यावरून हळूहळू नजर फिरवत होती. एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे. तिच्या श्वासानं पडद्यावर हनुवटीपाशी थोडं धुकं जमलं, ते तिनं बोटानं पुसलं. चष्मेवाल्याला वाटलं, ती त्या पोराचा निरोप घेतेय. किंवा ओळख करून घेतेय. दोन्हीत त्याला जागा नव्हती. मग ती वळली.

"हे नव्हेतच," ती म्हणाली. "ही मी आहे."

जावयाच्या हातातून रिमोट गालिच्यावर पडला.

"तुझ्या आजोबांची त्या हेडमास्तरांशी, म्हणजे खऱ्या, शाळेच्या, ओळख होती," ती लेकीला सांगू लागली. "आम्ही तेव्हा त्यांच्याकडे आलेलो. माझे केस उवांमुळे मुळापासून कापलेले. सिनेमाच्या कंपनीला पोरं कमी पडत होती, म्हणून मला गणवेश चढवला आणि मागच्या दारानं आत नेऊन शाळेतल्या मुलांत बसवलं. फरशीला नुकतंच पॉलिश केलेलं, त्याचा असा वास, की डोकं भणाणलं. आणि शेजारच्या पोराच्या बुटात पाणी गेलं होतं. तो पाय हलवला की पच्‌ पच्‌ आवाज यायचा. हेडमास्तर रडतायत आणि हा पच्‌. पुन्हा रडतायत, पुन्हा पच्‌. मग मला आवरेना."

"आई," लेक म्हणाली, "आणि हे तू आजवर..."

"बाबा, म्हणजे तुझे आजोबा, किती कडक होते, ठाऊक आहे ना. मुलीनं मुलाचे कपडे घालून सिनेमात काम केलं हे कळतं तर घराबाहेर काढलं असतं. मी दुकानात बसून मैत्रिणीला ते सांगत होते तर मागून कुणीतरी ओळखीचं आलं. तेव्हा यांनी पटकन स्वतःचं नाव पुढं केलं. 'तो मी' म्हणाले. मला सांभाळायला. आणि मग जन्मभर सांभाळलंच."

लेकीचे डोळे भरून आले होते. आजवर नुसतं चिडवत आलेली ती बापाकडे अशा नजरेनं पाहत होती, जशा नजरेनं तिनं त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. जावई गालिच्यावर मांडी घालून बसल्या बसल्या म्हणाला, "बाबा, हे तर त्याहून भारी आहे."

चष्मेवाल्याला फक्त मान हलवायची होती. एवढंसं काम. उघड्या दारातून आत यायचं होतं, आत पाट मांडून ठेवलेला होता. तिला कळलं होतं, सगळं कळलं होतं, आणि तरी तिनं हे दार उघडून धरलं होतं, कदाचित कधीपासूनच. पण त्याच वेळी आत कुठंतरी दुसरंच काही ठुसठुसू लागलं. पच्‌ पच्‌. बुटात पाणी. इतक्या वर्षांत आपल्याला हे सुचलं नाही. पॉलिशचा वास तर डांबरगोळ्यांपेक्षा कितीतरी सरस. त्यात हे सगळं तिनं उभ्या उभ्या रचलं, टीव्हीकडे पाठ करून, आणि पोरं पाघळली. आणि शाळेतल्या मुलांत बसवलं म्हणे. शाळेतल्या मुलांत! त्याच्या डोळ्यांपुढे ते दुपारचं ऊन आलं, जे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. खरोखरचं ऊन, ज्याला कसलाही वास नव्हता. जन्मभर लोक त्याची गोष्ट ऐकत आले होते. दुसऱ्याची ऐकायची त्याला सवय नव्हती.

"साफ खोटं," चष्मेवाला म्हणाला.

तिघांनी त्याच्याकडे पाहिलं.

"शाळेतल्या मुलांत कशी बसवतील तुला? शाळेतली मुलं आत होतीच कुठं? आतली सगळी पोरं कंपनीनं बाहेरून आणलेली, बस भरून. आमच्या शाळेतल्या एकालाही त्यांनी पाऊल टाकू दिलं नाही. फाटकाला कुलूप घातलं होतं. अख्खी शाळा दिवसभर बाहेर उन्हात उभी होती, गजांना नाकं लावून. मागच्या दाराशी तर रखवालदार बसवलेला. कुठली मुलगी आणि कुठला बूट."

बायको सोफ्याशी परत आली. चष्मा तिनं उचलला नाही. ती तशीच, उघड्या डोळ्यांनी, त्याच्या खुर्चीपाशी येऊन वाकली, वीतभर अंतरावर.

"अख्खी शाळा?" तिनं विचारलं.

"अख्खी," चष्मेवाला ठासून म्हणाला. "एकूण एक."

"म्हणजे तुम्हीही बाहेरच होता," बायको म्हणाली.